पाठमोरी

बाबा जिनिंगच्या काट्यावर असतात.
भरली गाडी, मग रिकामी गाडी,
मधल्या फरकाला ते कापूस म्हणतात.
ती वजाबाकी मी घरी आणली.

दुपारी सगळे वावरात गेले
की कोठ्यातल्या पोत्यांच्या काट्यावर उभी राहायची,
चपला काढून, कानातले खिडकीत ठेवून,
केसांतली पीनसुद्धा.
काय काय काढलं म्हणजे मी उरेन,
हा हिशेब काही जुळत नव्हता.

उपासाचं एक बरं असतं,
उपाशी माणसाला कोणी काहून म्हणत नाही.
सोमवार धरला, गुरुवार धरला,
चतुर्थ्या, एकादश्या,
उरलेल्या वारांनाही कुठला ना कुठला देव निघालाच.
माय बाजारात सांगायची, आमची प्रणोती लय देवाची.
ओढणीतली भाकर कोठ्यात जायची.
गोऱ्हा त्या वर्षी असा भरला
की लोक विचारायचे, ढेप कोणती घालता?

आणि छातीत रेचा.
ताट दिसलं की सुरू,
पाहुणे आले की सुरू,
रात्री दोनला, काहीच नसताना, सुरू.

नळावर पडले तेव्हा रंभाताई झाडे, आमच्या आशाताई,
काही न विचारता मला घेऊन हिंगणघाटच्या एसटीत बसल्या.
खोली नंबर अकरा. अर्ध्यात लसींचा फ्रीज,
अर्ध्यात आत्राम मॅडम, फक्त बुधवारी.
म्हणाल्या, काट्याकडे पाठ करून उभी राहा.
आकडा माझ्याकडे राहू दे, तू भिंत पाहा.
भिंतीवर सापांचा तक्ता होता,
विषारी डावीकडे, बिनविषारी उजवीकडे.
कितीतरी बुधवार मी त्या तक्त्याकडे पाहत वजन दिलं.
घोणस मला अजून खवल्यांसकट पाठ आहे.

वहीत लिहायचं होतं, जेवताना मनात काय आलं.
काही नाही, असं मी सलग नऊ दिवस लिहिलं.
त्यांनी पानं पुढे-मागे केली.
काही नाही म्हणजे किती?
तुझ्या बाबांना विचार,
रिकाम्या गाडीलाही वजन असतं.

त्या दिवशी मी फ्रीजच्या घरघरीत रडून घेतलं.
मग लिहायला लागले. घास, आणि शेजारी वाक्य:
ही भाकर खाल्ली तर सगळ्यांना दिसेल.
त्या विचारायच्या, हे वाक्य तक्त्यात कुठं लावशील?
मी म्हणायची, घोणस.
दोन महिन्यांनी म्हटलं, धामण असेल.
पण अंगावर आली तर पळावंसं वाटतंच ना!
वाटू दे, म्हणाल्या.

सहाला जिनिंगचा भोंगा होतो.
ताट घेऊन त्याच वेळी बसायचं ठरलं.
तो चढतो, कानात मावत नाही, मग आपसूक उतरतो,
त्याला बंद करायला कोणी धावत जातं काय?
पहिल्या दिवशी मी भोंग्याआधीच उठले.
दुसऱ्याही.

मायला बोलावून सांगितलं, खा म्हणू नका,
सोबत जेवा आणि दुसरं काही बोला.
तिला दुसरं काही बोलताच येईना.
शेवटी ती बकरीबद्दल बोलली, अर्धा तास.
मी पाऊण भाकर खाल्ली
आणि उरलेल्या पावाकडे दोघींनीही पाहिलं नाही.

फाल्गुनात आतेबहिणीच्या हळदीला कोणी म्हणालं,
भरली बरं आता पोरगी.
चार दिवस गोऱ्ह्याची चंगळ.
बुधवारी सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत.
मागच्या वर्षी तू हे सांगितलं नसतं, एवढंच म्हणाल्या
आणि पुढची तारीख टाकली.

काटा आता कोठ्यात नाही.
बाबांनी एका सकाळी तो सायकलला बांधून नेला.
कुठं, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.
जमिनीत त्याच्या चार पायांचे खळगे राहिलेत.
झाडताना मी अजून त्यांना वळसा घालते.
गोऱ्हा मात्र खुशाल तिथंच बसतो.